मोठ्यालाही उस्ताद लागतो

लखनौच्या एकाना स्टेडियमवर २७ मे २०२५ च्या रात्री बंगळुरूच्या संघापुढे २२८ धावांचं लक्ष्य होतं. बाराव्या षटकात विराट कोहली बाद झाला. फलकावर ४ बाद १२३ लागले होते आणि तिथून पुढे जवळपास प्रत्येक चेंडूला दोन धावा हव्या होत्या. तेव्हा मयंक अगरवालच्या जोडीला उतरला तो अमरावतीचा जितेश शर्मा. त्या सामन्यात संघाची कप्तानीही त्याच्याकडेच होती. ४९ धावांवर त्याचा उलटा फटका झेलला गेला, पण पंचांनी नोबॉल दिला आणि पुढचाच फ्री हिट त्यानं षटकार मारून वसूल केला. त्याच षटकात गोलंदाज दिग्वेश राठीनं त्याला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद करण्याचं अपील केलं आणि लखनौचा कप्तान ऋषभ पंतनं ते मागे घेतलं. एवढी उलथापालथ झाली तरी जितेशची लय मोडली नाही. ३३ चेंडूंत नाबाद ८५, मयंकबरोबर ४५ चेंडूंत १०७ धावांची अखंड भागीदारी, आणि आठ चेंडू राखून विजय. आठवड्याभरात हाच संघ पहिल्यांदा आयपीएलचा विजेता झाला.

सामना संपल्यावर जितेशनं आवर्जून नाव घेतलं ते दिनेश कार्तिकचं. कार्तिक म्हणजे संघाचा फलंदाजी प्रशिक्षक. गुरू मानतो मी त्यांना, सामना शेवटपर्यंत न्यायचा, कुठल्याही स्थितीतून तो संपवायची ताकद तुझ्यात आहे असं त्यांनी मला सांगितलं होतं, असा त्याच्या बोलण्याचा सूर होता.

हे वाक्य मला त्या षटकारांइतकंच महत्त्वाचं वाटतं. आमच्या वलगावात परतवाडा रस्त्यावर चहा पिता पिता या खेळीवर बोलणारे पुष्कळ भेटले. ‘पोट्ट्यात दम आहे’ यावर सगळ्यांचं एकमत. पण एकतिसाव्या वर्षी, अकरा कोटींची बोली लागलेल्या खेळाडूला गुरू कशाला हवा, हे कोणाला पटेना. ‘एवढा मोठा झाला, आता त्याले कोन शिकवते?’ आपल्याकडे हा प्रश्न सहज विचारला जातो. शिकवणी कच्च्या पोरांसाठी, मनाचा डॉक्टर आजाऱ्यांसाठी, आणि एकदा हात बसला की माणूस मोकळा, अशी आपली समजूत आहे. या समजुतीमुळे वऱ्हाडातली किती चांगली माणसं आपल्या कामात अर्ध्या वाटेवर थांबून राहतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. खेळाडूच नव्हे, शिक्षक, डॉक्टर, गवई, सगळेच. म्हणून हा विषय नीट उलगडून सांगावासा वाटला.

कोणतंही कौशल्य शिकताना माणूस तीन पायऱ्यांतून जातो, असं फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडलं. आधी प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. मग चुका कमी होत जातात. शेवटी हात आपोआप चालू लागतो आणि डोकं मोकळं होतं. ही तिसरी पायरी म्हणजे मोठी सोय आहे, पण वाढ खुंटते तीही तिथेच. वलगाव-अमरावती रस्त्यावर वीस वर्षं रोज मोटारसायकल चालवणारा माणूस पहिल्या सहा महिन्यांत जेवढं शिकला, त्यापुढे फारसं शिकलेला नसतो. गाडी चालते आहे, पोचतो आहे, तेवढ्यावर त्याचं भागतं. जे आपोआप होतं, त्यातली चूकही आपोआप होते आणि करणाऱ्याला ती दिसेनाशी होते. अशा वेळी बाहेरचा डोळा लागतो.

याचा सगळ्यात प्रामाणिक दाखला एका वऱ्हाडी घराण्यातल्या माणसानं दिला आहे. अतुल गावंडे हे अमेरिकेतल्या बॉस्टनचे नामांकित शल्यविशारद आणि लेखक. त्यांचे वडील आत्माराम गावंडे यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी या गावचे. तिथून ते डॉक्टर होऊन अमेरिकेत गेले. आपल्या आईच्या, गोपिकाबाईंच्या नावानं त्यांनी उभं केलेलं महाविद्यालय आजही उमरखेडला आहे आणि ते आपल्याच संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेलं आहे. अतुल गावंडेंनी ऑक्टोबर २०११ मध्ये ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकात एक लेख लिहिला. स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करायला लागून त्यांना आठ वर्षं झाली होती. सुरुवातीला दरवर्षी त्यांच्या रुग्णांमधली गुंतागुंत कमी होत गेली. मग ती एका पातळीवर येऊन थांबली. इतरांच्या मानानं ती पातळी चांगलीच होती, पण पुढे सुधारणा होईना. याच सुमारास टेनिस खेळताना एका तरुण प्रशिक्षकानं त्यांच्या सर्व्हिसमध्ये पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि काही मिनिटांत चेंडूचा वेग ताशी दहा मैलांनी वाढला. मग टीव्हीवर राफाएल नदालचा प्रशिक्षक दिसला. जगातला अव्वल खेळाडू प्रशिक्षक ठेवतो, मग सर्जननं का ठेवू नये?

गावंडेंनी आपल्याला पूर्वी शिकवलेल्या, निवृत्त झालेल्या रॉबर्ट ऑस्टीन या सर्जनना गळ घातली. ऑस्टीन शस्त्रक्रियागृहात येऊन नुसते उभे राहिले. शस्त्रक्रिया होती थायरॉइड ग्रंथी काढण्याची. गावंडेंच्या मते सगळं उत्तम झालं होतं. बाहेर आल्यावर ऑस्टीननी वही उघडली. रुग्णावर कापडं अशी अंथरली होती की गावंडेंना सगळं स्वच्छ दिसत होतं, पण समोर उभ्या असलेल्या सहायकाला वाकडं होऊन काम करावं लागत होतं. अधूनमधून गावंडेंचा कोपर खांद्याच्या उंचीला जात होता. कोपर वर गेला की हातातली अचूकता जाते, तेव्हा पाय हलव किंवा अवजार बदल. आणि वरचा दिवा जखमेवरून सरकला होता. जवळपास अर्धा तास गावंडे परावर्तित उजेडात चाकू चालवत होते आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

थोर सर्जन, अर्धा तास, आणि दिवा सरकलेला. या एका गोष्टीत प्रशिक्षणाचं सगळं शास्त्र आलं असं मला वाटतं. गावंडेंना शस्त्रक्रियेचं ज्ञान कमी नव्हतं. ऑस्टीन त्यांच्यापेक्षा चांगली शस्त्रक्रिया करत असतील असंही नाही. ते दुसरीकडे उभे होते, एवढंच. व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन यांच्यासाठी हे काम त्यांची पत्नी टोबी करत आली. तीही कसलेली व्हायोलिनवादक. ती श्रोत्यांत बसते आणि काय यांत्रिक वाटलं, काय बदलता येईल ते सांगते. वाजवणाऱ्याच्या कानाला जे ऐकू येतं आणि सभागृहात जे पोचतं, ते सारखं नसतं.

गावंडेंच्या लेखात आणखी एक प्रसंग आहे. शस्त्रक्रियेआधी एका रुग्ण बाईंनी विचारलं, हे कोण? गावंडे थोडे अडखळले आणि म्हणाले, हे प्रशिक्षकासारखे आहेत. बाईंच्या चेहऱ्यावर काही समाधान दिसलं नाही. म्हणजे चहाच्या टपरीवरचा प्रश्न आपल्याच मुलखातला नाही, बॉस्टनमध्येही तो तसाच आहे. ज्याला अजून शिकावं लागतं तो कच्चा, हे सगळीकडेच मनात बसलेलं आहे. खेळात मात्र ही अढी फार पूर्वी गळून पडली. अमेरिकेत हार्वर्ड आणि येल या विद्यापीठांचे फुटबॉलचे सामने १८७५ मध्ये सुरू झाले. येलनं वॉल्टर कॅम्प नावाचा प्रशिक्षक नेमला, हार्वर्डनं आपल्या मुलांवर भिस्त ठेवली. पुढच्या तीस वर्षांत हार्वर्डला येलवर फक्त चार विजय मिळाले.

आता मेहनतीचं काय? दहा हजार तास घासलं की कोणीही उस्ताद होतो, हे वाक्य गेल्या पंधरा-वीस वर्षांत गावोगावच्या व्याख्यानांतून फिरतं आहे. ते ज्या अभ्यासावरून आलं तो अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांवर केला आणि १९९३ मध्ये छापला. सर्वोत्तम विद्यार्थ्यांचा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्यानं केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या घरात होता, हे खरं. पण ती सरासरी होती, हमी नव्हती, आणि पुढे एरिक्सननी स्वतः या लोकप्रिय सूत्रावर आक्षेप घेतला. त्यांचा मुद्दा तासांचा नव्हता, सरावाच्या जातीचा होता. शिक्षकानं शिष्याची नेमकी उणीव हेरून आखून दिलेला, आवाक्याच्या जरा पुढचा, लगेच चूक दाखवणारा आणि म्हणूनच फारसा सुखाचा नसलेला सराव. व्याख्यानांत तास उरले आणि शिक्षक गळाला.

तासांची मर्यादा पुढे आकड्यांतही दिसली. ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये खेळांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. खेळाडूंच्या कामगिरीतल्या फरकांपैकी सुमारे १८ टक्के भाग सरावाच्या प्रमाणानं समजावता येत होता. पण फक्त अव्वल खेळाडू घेतले, तर हा भाग जेमतेम एक टक्का उरला. याचा अर्थ मोठे खेळाडू सराव करत नाहीत असा कोणी घेऊ नये. त्या उंचीवर सगळेच ढोर मेहनत करून आलेले असतात, म्हणून मेहनतीच्या तासांवरून एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही. फरक मग इतर गोष्टींत पडतो. शरीराची ठेवण आणि नशीब त्यात आहेच. पण सराव कसला, कोणाच्या नजरेखाली, आणि ऐन वेळी मन कुठे, या गोष्टी तरी माणसाच्या हातातल्या आहेत.

अमरावतीला हे नवं वाटायचं कारण नाही. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मैदानावर मल्लखांबाची पोरं आजही घाम गाळतात. याच मंडळाच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. मल्लखांबावर चढलेल्या पोराला आपली मान कुठे आहे, पायाची पकड कुठे सैल पडली, हे दिसूच शकत नाही. ते खाली उभ्या उस्तादालाच दिसतं. शंभर वेळा दसरंग केलेल्या गड्यालाही खालून आवाज लागतो. आखाड्यानं हे कधी कमीपणाचं मानलं नाही. कमीपणा मानला तो आखाड्याबाहेरच्या शिकलेल्यांनी.

उस्तादानं बोलावं कसं, यावरही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे जॉन वुडन बास्केटबॉलचे अत्यंत यशस्वी प्रशिक्षक. रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ १९७४-७५ च्या हंगामात त्यांच्या सरावाला बसले आणि वुडन बोलतील ते नोंदवत गेले. २,३२६ नोंदी झाल्या. जोशपूर्ण भाषणं, पाठीवर थाप, रागावणं असं काही भरपूर सापडेल असा त्यांचा अंदाज असावा. पण कौतुक सात टक्क्यांहून कमी निघालं आणि नापसंतीही तेवढीच. तीन चतुर्थांश बोलणं म्हणजे निव्वळ माहिती होती. काय करायचं, कसं करायचं, आत्ता तू कसं केलंस. तुकडे छोटे, पुन्हा खेळ सुरू.

आपल्या मैदानांवर ऐकू येणारं बोलणं याच्या बरंच उलट असतं. ‘जोर लाव’, ‘लक्ष कुठे आहे तुझं’, ‘शाब्बास’. यातल्या एकाही वाक्यातून पोराला पुढच्या वेळी वेगळं काय करायचं ते कळत नाही.

सांगण्यापेक्षा विचारणं अनेकदा जास्त शिकवतं, हे तर वलगावकरांना वेगळं सांगायला नको. आमच्या गावाजवळ पेढी नदीच्या काठी २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांचं कीर्तन प्रश्नांनी चालायचं. ते विचारत आणि समोरची अडाणी म्हणवली जाणारी माणसं उत्तर देत. आपल्या तोंडून निघालेलं उत्तर माणूस सहजी विसरत नाही. आजचे चांगले प्रशिक्षक फलंदाजाला ‘उशिरा खेळलास’ असं लगेच सांगत नाहीत. ‘चेंडू बॅटला कुठे लागला?’ असं विचारतात. खेळाडूला स्वतःच्या चुकीची जाणीव व्हायला लागली की प्रशिक्षक नसतानाही त्याला सुधारता येतं, आणि सामन्यात प्रशिक्षक नसतोच.

इथून आपण मनाकडे येतो. सरावात जमणारं सामन्यात का बिघडतं? सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी गोल्फ आणि फुटबॉल खेळणाऱ्यांवर प्रयोग केले. चेंडू पायानं नेताना पायाचा कोणता भाग चेंडूला लागतो आहे याकडे लक्ष द्या, असं सांगितल्यावर नवख्यांचं बिघडलं नाही, पण मुरलेल्या खेळाडूंचं बिघडलं. ज्यांचे पाय आपोआप चालत होते त्यांनी पायांकडे पाहायला सुरुवात केली आणि ओघ तुटला. दडपणाखाली नेमकं हेच होतं. हरण्याची भीती वाटली की माणूस आपल्याच हातापायांची राखण करू लागतो आणि वर्षानुवर्षं बसलेली हालचाल विस्कटते. गाब्रिएले वुल्फ यांनी १९९८ पासून केलेले अभ्यास याला दुसऱ्या बाजूनं दुजोरा देतात. आपल्या अवयवांकडे लक्ष देण्यापेक्षा हालचालीचा परिणाम जिथे होणार तिकडे लक्ष दिलं, तर काम जास्त चांगलं होतं.

आता कार्तिकचा जितेशला दिलेला मंत्र पुन्हा पाहा. सामना शेवटपर्यंत ने. त्यात मनगट नाही, खांदा नाही, पायाची ठेवण नाही. शरीराचं जे काही सांगायचं ते नेटमध्ये सांगून झालेलं असणार. मैदानात उतरताना खेळाडूच्या हाती एकच वाक्य, तेही धावांच्या गणिताकडे बघायला लावणारं. सरावात कौशल्य सुटं करायचं आणि सामन्यात ते अख्खं राहू द्यायचं, हा फरक ज्याला कळतो तो प्रशिक्षक. कार्तिकलाही तो कोणाकडून तरी मिळालेला आहे. भारतीय संघाबाहेर फेकला गेल्यावर तो मुंबईच्या अभिषेक नायरबरोबर काम करू लागला, आणि १८ मार्च २०१८ ला कोलंबोत निदाहास करंडकाच्या अंतिम सामन्यात बांगलादेशाविरुद्ध त्यानं आठ चेंडूंत नाबाद २९ धावा काढून, शेवटच्या चेंडूवर पाच हव्या असताना षटकार मारला. पुनरागमनाचं श्रेय त्यानं नायरला मोकळेपणानं दिलं. मुंबईच्या माणसानं चेन्नईच्या माणसाला घडवलं, त्यानं अमरावतीच्या पोराला.

महाराष्ट्रात खेळाचं मानसशास्त्र ज्यांनी घरोघर नेलं ते नाशिकचे भीष्मराज बाम. पोलीस सेवेतले वरिष्ठ अधिकारी, स्वतः नेमबाज आणि योगाचे अभ्यासक. अंजली भागवतपासून राहुल द्रविडपर्यंत अनेक खेळाडूंना त्यांनी मदत केली. ‘विजयाचे मानसशास्त्र’ हे त्यांचं मराठी पुस्तक. २०१७ मध्ये ते गेले. श्वास, एकाग्रता, मनातल्या मनात कृती पाहणं, पराभवानंतर स्वतःशी काय बोलायचं, या गोष्टी त्यांनी योगाच्या भाषेत सांगितल्या, म्हणून त्या आपल्या पोरांना परक्या वाटल्या नाहीत. मनाची तयारी ही दंड-बैठकांसारखी रोज करायची गोष्ट आहे, स्पर्धेच्या आदल्या रात्री घ्यायची गोळी नाही, हे महाराष्ट्राच्या खेळाडूंमध्ये रुजवण्यात बामसरांचा वाटा फार मोठा आहे.

नेमबाजीत मनाचं काम उघड्यावर दिसतं. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत उभा होता. गुडघ्यावर बसून मारायचा टप्पा संपला तेव्हा तो सहावा होता. झोपून मारायचा टप्पा संपला तेव्हा पाचवा. उभ्यानं मारणं सगळ्यात अवघड, कारण शरीर डोलत असतं. तिथे त्यानं एकेक जागा वर सरकत ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं. त्याला घडवणाऱ्या दीपाली देशपांडे या २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये याच प्रकारात खेळलेल्या. ऑलिम्पिकमध्ये नेम धरलेल्या माणसाच्या पोटात काय चालतं हे त्यांना पुस्तकातून वाचावं लागलेलं नाही.

घाबरलेल्या खेळाडूला आपण ‘शांत हो’ म्हणतो. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी केलेल्या आणि २०१४ मध्ये छापलेल्या प्रयोगांत वेगळंच आढळलं. गाणं म्हणण्याआधी, भाषणाआधी किंवा गणिताच्या परीक्षेआधी ‘मला हुरूप आला आहे’ असं स्वतःशी म्हणणाऱ्यांची कामगिरी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. भीतीत आणि हुरुपात छाती सारखीच धडधडते. धडधड थांबवणं कठीण, तिचा अर्थ बदलणं सोपं. दहावीच्या वर्गशिक्षकांनाही हे उद्यापासून वापरता येईल.

मानसशास्त्रज्ञ आणला म्हणजे झालं, असंही नाही. कोलमन ग्रिफिथ यांना अमेरिकेतल्या खेळाच्या मानसशास्त्राचे जनक म्हणतात. १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाच्या मालकानं त्यांना नेमलं. त्यांनी खेळाडूंची मापं घेतली, चित्रफिती काढल्या, शेकडो पानी अहवाल लिहिले. संघाच्या व्यवस्थापकानं त्यांना जवळ येऊ दिलं नाही आणि अहवाल पडून राहिले. ज्याचा खेळाडूवर रोजचा हात आहे त्याचा विश्वास नसेल, तर बाहेरची विद्या दारातच राहते.

एका माणसानं अख्खा संघ कसा बदलतो, हे विदर्भानं डोळ्यांनी पाहिलं आहे. विदर्भ रणजी करंडकात १९५७-५८ पासून खेळतो. साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरी नाही. २०१७-१८ च्या हंगामात चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, फैज फजल कप्तान होता आणि वसीम जाफरसारखा मुरलेला खेळाडू संघात होता. पंडित म्हणजे रमाकांत आचरेकरांच्या तालमीतला मुंबईचा खडूस क्रिकेटपटू. ईडन गार्डन्सवरच्या उपान्त्य सामन्याची शेवटची सकाळ उजाडली तेव्हा कर्नाटकाला ८७ धावा हव्या होत्या आणि विदर्भाला तीन बळी. जुना विदर्भ असता तर एवढ्या जवळ येऊनही हातचं घालवलं असतं, असं आमच्या पिढीला मनापासून वाटलं असतं. रजनीश गुरबानीनं डावात सात बळी घेतले आणि विदर्भ पाच धावांनी जिंकला. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध गुरबानीची हॅट्ट्रिक, नऊ गडी राखून विजय, आणि पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून पुन्हा करंडक. खेळाडू बरेचसे आपलेच होते. त्यांच्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हे बदललं. हेच पंडित पुढे २०२२ मध्ये मध्य प्रदेशाला पहिलं रणजी विजेतेपद देऊन गेले, तेही बंगळुरूच्या ज्या मैदानावर १९९९ मध्ये कप्तान म्हणून ते अंतिम सामना हरले होते, त्याच मैदानावर.

पण मी या सगळ्याला जादू म्हणणार नाही, आणि गावंडेही म्हणत नाहीत. ऑस्टीन यायला लागल्यावर आपल्या रुग्णांमधली गुंतागुंत पुन्हा कमी होऊ लागल्यासारखी दिसते, पण खात्रीनं सांगायला अजून वेळ आहे, असंच त्यांनी लिहिलं. पुढे त्यांच्या चमूनं ही कल्पना उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांमध्ये तपासून पाहिली. त्यांतल्या निम्म्या केंद्रांत बाळंतपण करणाऱ्या परिचारिकांना एक सुरक्षा यादी आणि ती पाळायला मदत करणारे प्रशिक्षक दिले. दीड लाखाहून अधिक माता आणि बाळांचा हा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. प्रशिक्षण सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी या केंद्रांत आवश्यक कृतींपैकी सुमारे ७३ टक्के होत होत्या, इतर केंद्रांत ४२ टक्के. हात धुणं, बाळाचा ताप पाहणं, आईचा रक्तदाब घेणं अशा साध्या पण जीव वाचवणाऱ्या कृती. प्रशिक्षकांचं येणं थांबल्यावर, बाराव्या महिन्यात, तोच आकडा ६२ वर उतरला. आणि माता-बालमृत्यूंत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. औषधं, रक्त, पुढच्या रुग्णालयात पोचण्याची सोय, हे नसेल तर एकट्या प्रशिक्षकानं काय होणार? चिखलदऱ्याच्या, धारणीच्या वाटेवर ज्यांनी रुग्णवाहिकेची वाट पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल.

तरीही त्या दोन आकड्यांमधून मला एक व्यवहाराची गोष्ट मिळते. बाहेरचा डोळा एकदा येऊन भागत नाही, त्याला परत परत यावं लागतं. म्हणून त्याची सोय जवळपास हवी. वऱ्हाडात ती आहे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शारीरिक शिक्षण शिकणारे विद्यार्थी दरवर्षी बाहेर पडतात. अनेक निवृत्त शिक्षिका, परिचारिका, तबलजी गावातच असतात आणि त्यांना कोणी बोलावत नाही. चांगली शिकवणारी तरुण शिक्षिका आपल्या वर्गात महिन्यातून एकदा अशा कुणाला मागच्या बाकावर बसवू शकते. ते तपासणी करायला आलेले नाहीत, गुण द्यायला आलेले नाहीत, आणि त्यांनी पाहिलेलं मुख्याध्यापकांच्या टेबलावर जाणार नाही, एवढं मात्र आधी ठरलेलं असावं. नोकरीची भीती आली की माणूस चूक दाखवण्याऐवजी झाकायला लागतो.

सुरुवात मैदानावरच्या सरांनी स्वतःपासून केली तर सगळ्यात बरं. कबड्डीच्या एका तासाच्या सरावात मोबाईल बाजूला लावून ठेवायचा, पोरांच्या चढाईकडे नाही तर आपल्या तोंडाकडे. घरी आल्यावर ऐकायचं आणि कागदावर दोन रकाने आखायचे. एकात नुसतं ओरडणं आणि शाबासकी, दुसऱ्यात नेमकं काय करायचं ते सांगितलेलं किंवा विचारलेलं. वुडनच्या सरावाला बसलेल्या त्या दोघांनी एवढंच केलं होतं, आणि त्यांच्याकडेही कागद-पेन्सिलच होती.